मुसोलिनीच्या राज्यातली घरं : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

ऑक्टोबर १९२२ मध्ये इटलीत फॅसिस्ट पक्षाचा पुढारी मुसोलिनी सत्तेवर कसा आला, ते मागच्या लेखात सांगितलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : सामान्य माणसं गप्प कशी बसली? मला वाटतं, 'सामान्य माणूस' असा एकच नव्हता. ज्या घरात जी नड, त्या नडीच्या वाटेनं ही राजवट आत शिरली. म्हणून उत्तरं घरागणिक देतो.

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. तिथल्या शेतकऱ्यांनी जवानांना घरात घेऊन जेवू घातलं, असं ते सांगायचे. पण ती माणसं तर शत्रूच्या देशातली! (सातारा)

आजोबांच्या आठवणीवर विश्वास ठेवा. त्यांच्याच रेजिमेंटचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं.

त्या भागातली शेती बरीचशी अर्धेलीची. जमीन मालकाची, राबणं कुळाचं, पीक निम्मं-निम्मं. पहिल्या महायुद्धानंतर कुळांनी आणि शेतमजुरांनी संघटना बांधून थोडं जास्त पदरात पाडून घेतलं होतं. ते मोडून काढायला अनेक जमीनदारांनी पैसा पुरवला. १९२१-२२ मध्ये मुसोलिनीच्या काळ्या शर्टांच्या टोळ्या ट्रकमधून गावात उतरायच्या, संघटनेची कचेरी आणि सहकारी दुकान जाळायच्या, पुढाऱ्याला दंडुक्यांनी मारून त्याच्या घशात एरंडेल ओतायच्या. एरंडेल ऐकायला किरकोळ वाटतं. पण भरल्या गावासमोर एखाद्याची अब्रू काढली की तो पुन्हा मान वर करत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. या शेतकऱ्यानं फॅसिझम पहिल्यांदा पाहिला तो मालकाच्या बाजूनं आलेला. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली आणि जर्मनांनी देशाचा बराच भाग ताब्यात घेतला. त्यानंतर छावण्यांतून निसटलेल्या युद्धकैद्यांना अशाच घरांनी गोठ्यात, माळ्यावर लपवलं. त्या कैद्यांत हिंदी जवानही होते. लपवताना सापडलं तर शिक्षा मृत्यूची होती.

प्रश्न : सरकारी नोकरांना पक्षाचं सभासद व्हावंच लागे का? (पुणे)

१९३० च्या दशकात नव्यानं सरकारी नोकरी हवी तर पक्षाचं कार्ड लागायचंच. पक्षाच्या नावाची आद्याक्षरं पी, एन, एफ. लोक आपसात त्यांचा अर्थ लावत 'पेर नेचेस्सिता फामिल्यारे', म्हणजे 'घरच्या गरजेपोटी'. १९३१ साली विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ घ्यायला लावली. बाराशेहून अधिक प्राध्यापकांतून नकार देणारे डझनभर निघाले, आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. त्या बाकीच्यांना भेकड म्हणायला माझी जीभ वळत नाही. पण त्यांनी वर्गात काय शिकवायचं सोडून दिलं, ते विचारायला हवं.

प्रश्न : आमचं घराणं गिरणी कामगारांचं. मुसोलिनीनं कामगारांना सहली, खेळ, सिनेमा दिले, असं वाचलं. मग त्यांचं भलंच झालं ना? (लालबाग, मुंबई)

दिले, यात शंका नाही. कामानंतरच्या वेळेसाठी १९२५ मध्ये 'दोपोलावोरो' नावाची सरकारी संस्था निघाली. १९३१ पासून सुट्टीच्या दिवशी स्वस्त तिकिटांच्या 'लोकगाड्या' धावू लागल्या. कित्येक कुटुंबांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो या गाड्यांतून. ते सुख खोटं होतं, असं मी म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू पाहा. १९२६ च्या कायद्यानं संप हा गुन्हा ठरला. एक मेची सुट्टी गेली आणि तिच्या जागी २१ एप्रिल, रोम शहराचा वाढदिवस, आला. १९२७, १९३० आणि १९३४ मध्ये मजुरी वरून हुकूम काढून कापली. आपल्याकडे परकीय सत्ता असतानाही १९२८ मध्ये मुंबईच्या कामगारांनी सहा महिने गिरण्या बंद पाडल्या होत्या. इटलीतल्या तूरिन शहराच्या कामगाराला ती सोय त्याच्याच देशात उरली नव्हती.

मला सर्वांत निष्ठुर वाटतो तो १९३९ चा शहरबंदीचा कायदा. शहरात रहिवासी म्हणून नोंद नसेल तर काम नाही, आणि काम नसेल तर नोंद नाही. खेड्यातून पोट भरायला आलेला माणूस स्वतःच्याच देशात बेकायदा ठरे, आणि म्हणून मिळेल त्या मजुरीवर राबे. मुसोलिनी गेल्यावरही हा कायदा १९६१ पर्यंत रद्द झाला नाही.

युद्धात पावाचा मूळ शिधा माणशी दिवसाला १५० ग्रॅमवर आला. मार्च १९४३ मध्ये तूरिनच्या फियात मोटार कारखान्यात काम थांबलं आणि संपाचं लोण मिलानपर्यंत गेलं. सतरा वर्षांची बंदी शेवटी भुकेनं मोडली.

प्रश्न : गाड्या मात्र वेळेवर धावायच्या म्हणतात. (सोलापूर)

काही मुख्य मार्गांवर, हो. पण युद्धानं मोडकळीला आलेल्या रेल्वेची डागडुजी १९२२ च्या आधीच सुरू झाली होती.

प्रश्न : बायकांच्या वाट्याला काय आलं? (नाशिक)

देशाला सैनिक हवे होते, म्हणून लेकुरवाळ्या आयांना बक्षिसं आणि अविवाहित पुरुषांवर कर. १९३८ च्या हुकमानं कचेऱ्यांत बायका दहा टक्क्यांहून जास्त नकोत, असं ठरलं. शिकलेल्या मुलीची वाट अशी बंद होत गेली.

एक दिवस मात्र मला विसरता येत नाही. इथिओपियावरच्या आक्रमणामुळे राष्ट्रसंघानं निर्बंध लादले, तेव्हा १८ डिसेंबर १९३५ रोजी देशभरच्या बायकांनी लग्नाच्या सोन्याच्या अंगठ्या सरकारला दिल्या. रोममध्ये पहिली अंगठी राणीनं टाकली. बदल्यात साध्या धातूची अंगठी मिळाली. इटालियनमध्ये 'फेदे' म्हणजे लग्नाची अंगठी, आणि 'फेदे' म्हणजेच श्रद्धा. मंगळसूत्र काढून द्यायला सांगितलं तर आपल्या आईला काय वाटेल, ते मनात आणून पाहा. काहींनी मनापासून दिली. पण शेजारणीच्या बोटात लोखंड आणि आपल्या बोटात सोनं, असं चारचौघींत कितीजणींना मिरवता आलं असतं?

प्रश्न : आम्ही बेने इस्रायल. इटलीत ज्यूंना सुरुवातीला त्रास नव्हता, हे खरं का? (ठाणे)

खरं आहे. इटलीत ज्यू पन्नास हजारांच्या आत-बाहेर. व्यापारी, शिक्षक, लष्करी अधिकारी. कित्येकजण फॅसिस्ट पक्षाचेही सभासद होते. ऑगस्ट १९३८ मध्ये सरकारनं फक्त ज्यूंची वेगळी गणना केली. घरोघरी अर्ज आले, लोकांनी कायदा पाळून भरले. सप्टेंबरमध्ये त्यांची मुलं आणि शिक्षक सरकारी शाळांतून काढले गेले. नोव्हेंबरच्या कायद्यानं सरकारी नोकऱ्या गेल्या, इतरांशी लग्न करायला बंदी आली. लष्करात पदकं मिळवलेल्यांना काही सवलती होत्या, म्हणून पुष्कळांना वाटत राहिलं की हे वादळ आपल्या घरावरून जाईल.

गणनेचे कागद कचेऱ्यांतच राहिले. १६ ऑक्टोबर १९४३ च्या पहाटे जर्मन सैनिक रोमच्या ज्यू वस्तीत शिरले, तेव्हा त्यांच्या हातात नावपत्त्यांच्या याद्या होत्या. दोन दिवसांनी हजारावर माणसं मालगाडीच्या डब्यांतून ऑशविट्झच्या मृत्युछावणीत गेली. परतली सोळा. त्यांत बाई एकच होती.