वाचकांचे प्रश्न : वीजखरेदीतला मध्यस्थ

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची लहान फाउंड्री असून उच्चदाब जोडणीची काँट्रॅक्ट डिमांड, म्हणजे महावितरणशी ठरलेली कमाल मागणी, 450 केव्हीए आहे. गेल्या महिन्यात एक गृहस्थ ‘एनर्जी ब्रोकर’ म्हणून आले. सौर प्रकल्पाची वीज महावितरणपेक्षा बरीच स्वस्त मिळवून देतो, कागदपत्रे आम्हीच पाहू आणि होईल त्या बचतीतला वाटा घेऊ, असे त्यांचे म्हणणे आहे. अशा दलालाची खरोखर गरज असते का?

उत्तर : गुळाच्या सौद्यात अडत्या कोणाच्या बाजूने उभा आहे, हे कोल्हापूरकराला समजावून सांगावे लागत नाही. विजेच्या दलालालाही पहिला प्रश्न तोच विचारावा. तो स्वतः वीज विकत घेऊन विकत नाही. तसे करणारा तो व्यापारी, आणि त्याला 2003 च्या विद्युत कायद्यानुसार परवाना लागतो. दलाल केवळ गाठ घालून देतो, दर आणि अटी तपासतो, अर्ज पुढे नेतो. त्याचा मोबदला आपण देणार की सौर प्रकल्पाचा मालक, हे आधी लेखी घ्यावे. मोबदला प्रकल्पमालकाकडून येणार असेल, तर त्याने आणलेला प्रस्ताव हा सल्ला नसून विक्री आहे, असे धरून चालावे.

आपल्याला असा पर्याय खुला आहे, हे मात्र खरे. पूर्वी ओपन अ‍ॅक्सेससाठी, म्हणजे महावितरणऐवजी दुसऱ्याकडून वीज घेऊन ती तिच्याच तारांवरून आणण्यासाठी, 1 मेगावॉटची अट होती. हरित ऊर्जेसाठी ती 2022 च्या केंद्रीय नियमांनी 100 किलोवॉटवर आणली. परंतु प्रकल्पाच्या फाटकापाशी सांगितलेला दर आणि आपल्या मीटरपाशी पडणारा दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारेषण आकार, वहन आकार, क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त दराची भरपाई म्हणून लागणारा), अतिरिक्त अधिभार आणि वाटेतली गळती हे सर्व धरून प्रति युनिट काय पडते, याचा एका कागदावरचा हिशेब मागावा. जो दलाल तो हिशेब चटकन देतो आणि त्यातला प्रत्येक आकडा राज्य वीज नियामक आयोगाच्या कोणत्या आदेशातून घेतला हे दाखवतो, तो कामाचा माणूस. ‘समूह कॅप्टिव्ह’ योजना, म्हणजे अनेक ग्राहकांनी मिळून प्रकल्पात मालकी घेऊन अधिभाराची माफी मिळवणे, सुचवली असेल, तर वापरकर्त्यांचा मिळून किमान 26 टक्के मालकी हिस्सा आणि वर्षाला किमान 51 टक्के विजेचा स्ववापर या दोन अटी पाळाव्या लागतात. त्या मोडल्या की माफ झालेला अधिभार अंगावर येतो, आणि त्या वेळी दलाल करारात कुठेच नसतो.

दुसरी गोष्ट वेळेची. 2025 च्या दरबदलापूर्वी रात्री मिळणाऱ्या सवलतीच्या दरासाठी आपल्याकडील कित्येक फाउंड्र्या वर्षानुवर्षे रात्रपाळीतच भट्टी लावत आल्या, आणि सौर वीज तर दिवसा येते. आपल्या हीट (वितळवणीच्या फेऱ्या) रात्री निघत असतील, तर दिवसाची वीज ‘बँकिंग’ करून, म्हणजे महावितरणकडे जमा ठेवून, रात्री वापरता येईल का, किती प्रमाणात आणि किती कपात देऊन, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. इंडक्शन भट्टीला टनामागे सर्वसाधारणपणे साडेपाचशे ते साडेसहाशे युनिट लागतात, त्यामुळे इथे चूक झाली तर ती लहान राहत नाही.

माझे मत विचाराल, तर नवी वीज शोधण्याआधी हातातले बिल वाचून घ्यावे, आणि चांगल्या सल्लागाराची खरी किंमत तिथेच कळते. एप्रिल 2020 पासून राज्यात उच्चदाब ग्राहकांचे वीजबिल केव्हीएएच एककावर निघते. म्हणजे पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारे प्रमाण) 0.90 असेल, तर 100 युनिट वापरून सुमारे 111 एककांचे पैसे भरावे लागतात. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनेलमधील दोन निकामी कपॅसिटर महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाहीत. भट्टी पूर्ण पॉवरवर असतानाच सँड प्लांट (साच्यांची वाळू तयार करणारी यंत्रणा) आणि कॉम्प्रेसर एकदम सुरू झाले, तर तेवढ्या मिनिटांचे शिखर महिन्याच्या डिमांड आकारात उमटते. सुपरवायझरला ती वेळापत्रकाची अडचण दाखवून देणे, हे काम कोणत्याही सौर करारापेक्षा स्वस्तात होते. त्यासाठी ठरावीक फी द्यावी. बचतीतला वाटा द्यायचाच असेल, तर बचत कोणत्या बारा महिन्यांच्या बिलांशी तुलना करून मोजणार आणि महावितरणचा दर बदलला तर ती कशी धरणार, हे करारात लिहून घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला उपाहारगृह चालवतो. त्याला विजेच्या दलालांचे सारखे फोन येतात. तिकडची पद्धत वेगळी असते का?

उत्तर : बरीच वेगळी. तिथे व्यावसायिक ग्राहक वीजविक्रेता स्वतः निवडतो, घरगुती ग्राहकांसारखी दराची कमाल मर्यादा त्याला नसते आणि कराराची मुदत संपली की चढा दर लागू शकतो. म्हणून दर तुलना करून देणारा, नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवणारा दलाल तिथे उपयोगाचा ठरतो. मात्र त्याचे कमिशन पुष्कळदा युनिट दरातच मिसळलेले असते. युनिटमागे 1 पेनी धरली, तरी वर्षाला 60,000 युनिट वापरणाऱ्याचे 600 पौंड जातात, तीन वर्षांच्या करारात 1,800. तेथील नियामक ‘ऑफजेम’ने ऑक्टोबर 2022 पासून अगदी लहान व्यवसायांना आणि ऑक्टोबर 2024 पासून सर्वच बिगरघरगुती ग्राहकांना हे कमिशन सांगणे बंधनकारक केले आहे, मुलाने तो आकडा मागून घ्यावा. आणि फोनवर सहज ‘हो’ म्हणू नये, कारण तिथे तोंडी संमतीनेही व्यावसायिक करार पक्का होऊ शकतो.

प्रश्न : राजारामपुरीत आमचे बंगलेवजा घर आहे. आम्हीही दलाल गाठावा का?

उत्तर : नको. घरगुती ग्राहकाला इथे विक्रेता निवडता येत नाही. छतावर सौर संच बसवायचा असल्यास ‘पीएम सूर्यघर’ योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः अर्ज करता येतो, आणि 3 किलोवॉटच्या संचाला मिळणारे 78,000 रुपयांपर्यंतचे अनुदान थेट आपल्या बँक खात्यात जमा होते.