वाचक विचारतात : उन्हाळ्यात अंजनेरीच्या तलावाकडे

प्रश्न : मे महिन्यात नऊ वर्षांचा मुलगा आणि साठी ओलांडलेल्या सासूबाई यांच्यासह अंजनेरीवरच्या तलावापर्यंत जायचे आहे. ऊन झेपेल का? गर्दी नको आहे. (सिडको)

झेपेल, पण घड्याळ सांभाळायला हवे. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने अंजनेरी फाटा साधारण २० किलोमीटरवर आहे. गावातून वर वनखात्याच्या नाक्यापर्यंत गाडी जाते. तिथून सहा-सव्वासहाला पावले सुटली पाहिजेत. शनिवार आणि हनुमान जयंती टाळा. मंगळवार-बुधवारी पहाटे वाट बरीचशी तुमचीच असते.

झाडीतून वाट वर चढते आणि पायऱ्यांच्या खिंडीत शिरते. तिथली कातळात कोरलेली जैन लेणी हा पहिला मोठा थांबा. खिंड संपली की पठार, आणि पठारावर अंजनीमातेचे मंदिर व तलाव. थांबत थांबत दीड-दोन तास धरा. त्याच्या वर, सीतेच्या गुहेकडे आणि माथ्याकडे जाणारा आणखी एक चढ आहे. तो या खेपेला सोडाच.

बहुतेकांचा हिशेब चढाचा असतो, घोळ होतो तो उतरताना. पठारावर सावली जवळजवळ नाही आणि काळा बेसाल्ट तापला की वरून ऊन, खालून झळा. म्हणून कुठेही पोचलेले असा, नऊला परत फिरायचे. उन्हाळ्यात उतारावर घसारा असतो : सुटी माती, तिच्यावर बारीक खडे. गुळगुळीत झिजलेल्या तळव्याचे बूट घरीच ठेवा. सासूबाईंना काठी द्या, पावले छोटी आणि गुडघा किंचित वाकवून टाकायला सांगा. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि उन्हात शरीरातले पाणी लवकर उतरते.

प्रश्न : पाणी किती न्यावे? तलावाचे प्यायले तर चालेल? (गंगापूर रोड)

मोठ्या माणसाला तीन लिटर, मुलाला दीड ते दोन. तासाला साधारण अर्धा लिटर, तेही तहानेची वाट न पाहता घोट-घोट. निम्मे पाणी संपले की जिथे असाल तिथून मागे वळा.

नुसतेच पाणी ढोसल्यास घामावाटे गेलेले मीठ भरून निघत नाही. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच कालवा. अर्ध्या बाटलीत आख्खे पाकीट ओतले तर द्रावण जहाल होते आणि उलट त्रास देते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. सोबत दशमी, शेंगदाण्याची चटणी, काकडी. श्रीखंड-पुरीचा बेत घरी.

तलावाचे पाणी पिऊ नका. गुरे आणि माकडे तिथेच येतात, शिवाय उन्हाळ्यात पातळी उतरून गाळ वर येतो. काठाशी जाताना जपा : पाणी मागे हटते तिथे वरचा थर पांढरट, भेगाळलेला, टणक दिसतो, पाय ठेवला की आतल्या मऊ चिखलात पोटरीपर्यंत जातो. पोहणे नकोच.

डोके दुखणे, मळमळ, खूप घाम : सावलीत आडवे करा, पाय उंच ठेवा, द्रावण पाजा. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर तो उष्माघात. तोंडाने काही देऊ नका. कपडे सैल करून अंग भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन लावा.

प्रश्न : कड्यावरच्या आग्या मोहोळांची भीती वाटते. (पंचवटी)

भीती रास्त आहे. अत्तर, डिओ, धूर आणि आरडाओरडा चार हात दूर ठेवा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका; चिरडलेल्या माशीच्या आणि काट्याच्या वासावर बाकीच्या धावून येतात. तोंड ओढणीने झाकून आल्या वाटेने निघा. तलावात उडी मारू नका, डोके वर काढण्याची त्या वाट पाहतात. दूर गेल्यावर काटे पटकन खरवडून काढा. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर थेट दवाखाना.

प्रश्न : घरचा कुत्रा न्यावा का? (इंदिरानगर)

नको. २०१७ पासून हे संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि कड्यांवर गिधाडांची घरटी आहेत. त्यातून तापल्या कातळाने कुत्र्याचे पंजे भाजतात, आणि पंधरा-वीस किलोचे जनावर खिंडीतून उचलून आणायला माणूस मिळत नाही.