वाचकांचे प्रश्न : अडचणीच्या दिवसांसाठी पिण्याचं पाणी

प्रश्न : नळ बंद झाला तर हाताशी असावं म्हणून आरओचं पाणी २० लिटरच्या कॅनमध्ये भरून ठेवतो. दहा-बारा दिवसांत वास येतो, कॅन आतून बुळबुळीत लागतो. यंत्र बिघडलंय का?

यंत्र बहुधा ठीक आहे, चूक साठवणीत आहे. नळाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असतो आणि साठवलेल्या पाण्याची राखण तोच करतो. आरओच्या पडद्याला क्लोरीन सोसत नाही, म्हणून आधीचा कार्बन फिल्टर तो काढून टाकतो. असं पाणी लगेच प्यायला उत्तम, पण साठवायला कच्चं. झाकणावरून, बोटांवरून आत गेलेले जीवाणू त्यात बिनधास्त वाढतात. तो बुळबुळीत थर त्यांचाच.

म्हणून साठवणीसाठी क्लोरीन घातलेलं नळाचं पाणी थेट भरा. विहिरीचं किंवा बोअरचं असेल तर पुढच्या उत्तरातल्या मापाने क्लोरीन घाला. त्याआधी कॅन साबणाने धुवा. मग १ लिटर पाण्यात १ चमचा (५ मिली) ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण) घालून ते कॅनमध्ये ओता आणि आतला सगळा भाग भिजेल असं हलवा. अर्धा मिनिट थांबून ओतून टाका आणि कॅन हवेवर वाळू द्या. झाकण आणि तोटी यांनाही हेच करायचं असतं. नेमकं तेच राहून जातं. दुधाचे, सरबताचे कॅन घेऊ नका, कारण प्लास्टिकला चिकटलेला साखरेचा आणि प्रथिनांचा अंश धुऊनही पुरता जात नाही. रसायनांचे कॅन तर मुळीच नकोत.

माणशी दिवसाला ४ लिटर धरा. त्यात पिणं, स्वयंपाक आणि दात घासणं भागतं, अंघोळ नाही. किमान ३ दिवसांचं ठेवा, जागा असेल तर दोन आठवड्यांचं. चौघांना ३ दिवसांसाठी ४८ लिटर लागतं, म्हणजे १० लिटरचे पाच कॅन. एकच मोठा पिंप भरू नका: तो उचलता येत नाही, आणि खराब झाला तर सगळंच पाणी गेलं. तोंड अरुंद किंवा खाली तोटी असलेलं भांडं घ्या. रुंद तोंडाच्या भांड्यात ओगराळं बुडवलं की हातही बुडतो. कॅनवर तारीख घाला, अंधाऱ्या थंड जागी ठेवा, सहा महिन्यांनी पाणी बदला. शेजारी पेट्रोल किंवा कीटकनाशक नको. त्याची वाफ प्लास्टिकमधून आत झिरपते.

प्रश्न : ब्लीचचे नेमके किती थेंब घालायचे? कोणी दोन सांगतं, कोणी दहा.

दोघंही बरोबर असू शकतात, कारण ब्लीचची तीव्रता वेगवेगळी असते. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के असेल तर स्वच्छ पाण्याला लिटरमागे २ थेंब, १ टक्का असेल तर १० थेंब. पाणी गढुळसर असेल तर दुप्पट. २० लिटरला ५ टक्क्यांचे ४० थेंब, म्हणजे सुमारे २ मिली. थेंब मोजण्यापेक्षा बिनसुईची सिरिंज बरी, कारण ड्रॉपरगणिक थेंब लहान-मोठा पडतो. ढवळा, झाका, ३० मिनिटं थांबा. क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. नाही आला तर तेवढीच मात्रा पुन्हा घालून १५ मिनिटं थांबा. तरीही वास नसेल तर ते पाणी पिऊ नका.

वास न येण्याचं कारण बहुतेक वेळा गाळ असतो. पाण्यातली माती आणि कुजकं क्लोरीन खाऊन टाकतात, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्या, तळ न ढवळता वरचं पाणी काढा, चारपदरी सुती कापडातून गाळा आणि मगच ब्लीच घाला. कापड जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं घ्या. नव्यापेक्षा त्याची छिद्रं बारीक असतात.

सुगंधी किंवा साबण मिसळलेलं ब्लीच चालत नाही. उन्हाने आणि जुनं झाल्याने ब्लीचची ताकद उतरते, तेव्हा साठवणीतली बाटलीही बदलत राहा. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. क्लोरीनच्या गोळ्या वापरणार असाल तर एक गोळी किती लिटरला ते पाकिटावर वाचा. काही ५ लिटरच्या असतात, काही २० च्या. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी मात्र या मात्रेला दाद देत नाही. त्याला उकळीच लागते.

प्रश्न : पाणी २० मिनिटं उकळावं लागतं ना?

नाही. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट पुरे. २,००० मीटरपेक्षा उंचावर ३ मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं. बाकी नुसता गॅस जातो. त्याच भांड्यात झाकून गार करा आणि लवकर संपवा. उकळलेल्या पाण्यालाही राखणदार नसतो.

प्रश्न : गीझरमधलं पाणी वापरता येईल का?

साठवणीच्या टाकीचा गीझर असेल तर येईल, साधारण १५ ते २५ लिटर मिळतं. वीज बंद करून पाणी गार होऊ द्या आणि आत येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करा. आता गरम पाण्याचा नळ सोडलात तरी टाकी रिकामी होणार नाही. गरम पाणी टाकीच्या वरच्या भागातून बाहेर पडतं, आणि तेही खालून येणाऱ्या थंड पाण्याने ढकललं तरच. तो नळ हवा आत जायला उघडा ठेवा आणि पाणी तळाच्या निचऱ्याच्या बुचातून काढा. पहिल्यांदा गंज आणि क्षार येतील, ते निवळू द्या, मग उकळा किंवा क्लोरीन घाला. टाकी पुन्हा भरेपर्यंत बटण लावू नका, कॉइल जळते.

प्रश्न : पुराचं पाणी गाळून, उकळून चालेल?

नाही. उकळण्याने जंतू मरतात. इंधन, कीटकनाशकं, जड धातू तसेच राहतात. त्यातले न उडणारे तर पाणी आटेल तसे दाट होतात. पूर शिरलेल्या विहिरीचं पाणी नितळ दिसलं तरी तपासणीशिवाय पिऊ नका.

प्रश्न : गॅसही नाही, ब्लीचही नाही, तर?

रसायनांचा संशय नसलेलं पाणी असेल तर ऊन आहे. रंगहीन पीईटी (बाटलीबंद पाण्याच्या बाटलीचं प्लास्टिक) बाटली घ्या, २ लिटरपेक्षा मोठी नको. ती वर्तमानपत्राच्या मथळ्यावर उभी करून वरून पाहा. मथळा वाचता आला नाही तर पाणी आधी गाळा. मग बाटली आडवी करून ६ तास कडक उन्हात ठेवा, ढगाळ असेल तर सलग २ दिवस. खिडकीच्या काचेआड ठेवू नका. ज्या किरणांनी काम व्हायचं त्यांतले बरेचसे काचच अडवते.