वीतभर गार, तीन फुटी टँक

प्रश्न : दादा, मुलाच्या हट्टापायी दिवाळीत बोटभर लांबीचा अ‍ॅलिगेटर गार मासा आणला, आता वीतभर झालाय. टँक तीन फुटी आहे. सारखा वर येऊन तोंड उघडतो म्हणून दुसरा एअरपंप लावला, तरी तेच. पेलेट्सना तोंड लावत नाही, दुकानदार म्हणतो जिवंत बारके मासे टाका. शेजारचे म्हणतात मोठा झाला तर तलावपाळीला सोडा, चालेल का?
– एक आई, मानपाडा, ठाणे

उत्तर : ताई, वर येतो त्याचं टेन्शन अजिबात घेऊ नका, गारची हवेची पिशवी फुफ्फुसासारखं काम करते, तो हवेचा घोट घेतो आणि बुडबुडे सोडत खाली जातो, बघायला फार छान दिसतं ते. दुसरा पंप काढलात तरी चालेल पण झाकण आणि पाणी यात दोन-तीन इंच मोकळी जागा ठेवा आणि झाकणावर वजन ठेवा कारण दचकला की उडी मारतो.

खरी काळजी वेगळीच आहे. हा अमेरिकेतल्या मिसिसिपीकडचा मासा, तिथे 6-7 फुटांचे सर्रास होतात, 2011 मध्ये मिसिसिपी राज्यात सापडलेला तर साडेआठ फुटांच्या आसपास होता, वजन 148 किलो! आपल्या बाजारातल्या टोळ माशासारखा दिसतो म्हणून फसायला होतं. त्याचं अंग वाकत नाही, खवले चिलखतासारखे कडक, त्यामुळे टँकची रुंदी माशाच्या लांबीपेक्षा कमी पडली की त्याला वळताच येत नाही. मी एकाकडे चार फुटी टँकमध्ये असा गार बघितलाय, पाठीचा कणा बाकदार झालेला आणि काचेवर आपटून आपटून चोचीचं टोक सोललेलं, तो अजून डोळ्यासमोरून जात नाही.

एकदा वरून नीट बघा. चोच आखूड-रुंद आणि पाठीवर मधोमध फिकट पट्टा असेल तर अ‍ॅलिगेटरच. डोक्यावर ठिपके असतील तर स्पॉटेड गार असू शकतो, तो अडीच-तीन फुटांवर थांबतो, पण तुमच्या टँकमध्ये तोही मावणार नाही.

तलावपाळीला मात्र कृपा करून नको! 2023 मध्ये श्रीनगरच्या दल सरोवरात हाच मासा सापडला, तिथे तो आपणहून थोडाच गेला असेल? तिथल्या माशांवर ताव मारणारा पाहुणा आपल्या तलावात कशाला.

जिवंत मासे पण नकोत, त्यांच्याबरोबर रोग येतात. सोललेल्या कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून चोचीच्या बाजूला हळू हलवा, समोरून नाही, तो मान झटकून बाजूनेच पकडतो. दोन-तीन दिवस नाही खाल्लं तरी धीर धरा. आणि आत्ताच, वीतभर आहे तोवर, दुकानदाराला परत घ्यायला सांगा किंवा मोठी सिमेंटची टाकी असलेला कोणी शौकीन शोधा, कारण दोन फुटांचा झाला की त्याला घ्यायला कोणी पुढे येत नाही.