मॉर्मन (अमेरिकेत उगम पावलेला एक ख्रिस्ती पंथ) कुटुंबं सोमवारची संध्याकाळ राखून का ठेवतात?
कारण ती घरच्यांची असते. १९१५ मध्ये त्यांच्या चर्चने ही प्रथा सांगितली आणि १९७० पासून त्यासाठी सोमवार ठरला. प्रार्थना, एखादं गीत, धर्मग्रंथातला उतारा (तो बऱ्याचदा लहान मूलच वाचतं), मग खेळ आणि गोडधोड. अमेरिकेतल्या युटा राज्यात उन्हाळ्यात बरेच जण डबे घेऊन डोंगरातच जातात. रविवारी मात्र सहल, खरेदी शक्यतो टाळतात.

मला सगळ्यात भिडतो तो महिन्याचा पहिला रविवार. आपल्या निर्जळी उपवासासारखाच. दोन वेळचं जेवण सोडायचं, पाणीही प्यायचं नाही आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे. मुलांना हे सक्तीने करायला लावत नाहीत, ती मोठ्यांचं बघून शिकतात. आणि हो, त्यांच्याकडे पाहुणे म्हणून गेलात तर चहा-कॉफी मागू नका, दोन्ही वर्ज्य आहेत.