‘थँक्स, लव्ह’ आणि नुसतं ‘डिअर’

नाशिकरोडहून तुम्ही लिहिता : लीड्समधला टीम लीड कॉल संपवताना ‘थँक्स, लव्ह’ म्हणतो. तुमच्याशी साखरपुडा झालेल्या मुलाने ते ऐकलं आणि दोन दिवस अबोला धरला. तोच मुलगा तुम्हाला मेसेजमध्ये मात्र फक्त ‘डिअर’ लिहितो, हेही तुम्हाला सलतं.

आधी लीड्सचं. हे शहर इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातलं. तिथे बस ड्रायव्हर, दुकानदार कुणालाही ‘लव्ह’ म्हणतात, पुरुष पुरुषालाही. भद्रकालीतली भाजीवाली ‘काय देऊ ताई?’ म्हणते, त्याच धाटणीचं हे. डर्बी-नॉटिंगहॅमकडे ‘डक’ म्हणतात, न्यूकॅसलला ‘पेट’, ग्लासगोत बायकांना ‘हेन’. बदक किंवा कोंबडी असा अर्थ तिथे कुणी लावत बसत नाही.

पण शब्दाच्या आजूबाजूचं बघा. वाक्याच्या शेवटी आलेलं सुटं ‘लव्ह’ म्हणजे नुसती हाक. त्याआधी ‘माय’ लागलं की सूर जास्त जवळिकीचा होतो, पण इंग्लंडच्या काही भागांत ‘माय लव्ह’ही नुसत्या हाकेसारखं वापरतात. ‘माय डिअर’मध्ये मात्र प्रेमापेक्षा मोठेपणाचा सूर येतो, धाकट्याला समजावल्यासारखा. ‘स्वीटहार्ट’ घरात गोड, पण वरिष्ठाने कनिष्ठ बाईला म्हटलं तर खटकणारच. ‘बेब’ सहकाऱ्याच्या तोंडी अजिबात नको.

आठवडाभर लक्ष ठेवा. टीममधल्या इतरांनाही तो असंच म्हणतो का? सगळ्यांसमोर म्हणतो की फक्त तुमच्या चॅटमध्ये? काम नसताना रात्री मेसेज येतात का? सगळ्यांना आणि उघड असेल तर ती बोलीची सवय. तरीही आवडत नसेल तर ‘आय प्रिफर माय नेम, थँक्स’ एवढं म्हणा, आधी ‘सॉरी’ नको. उलट ‘लव्ह’ म्हणून परतफेडही करू नका, तिकडच्या बोलीची नक्कल केल्यासारखं वाटतं. एकट्या तुम्हालाच, खासगीत, आणि शब्द ‘बेब’कडे सरकत असतील तर स्क्रीनशॉट ठेवा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने १० किंवा अधिक माणसं असलेल्या कंपनीत अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्याकडे लेखी तक्रार करायला घटनेपासून ३ महिने मिळतात.

आता ‘डिअर’. या शब्दाचा मूळ अर्थ ‘मोलाचा’. ब्रिटनमध्ये महाग वस्तूलाही ‘डिअर’ म्हणतात, आणि ‘डार्लिंग’ त्यातूनच निघाला. पण पत्रांच्या मायन्यात वापरून वापरून तो आपल्या ‘प्रिय’सारखा गुळगुळीत झाला. बँकही ‘डिअर कस्टमर’ लिहिते. म्हणून तुम्हाला तो कोरडा वाटतो, आणि ते वाटणं चुकीचं नाही. मुलाचं प्रेम कमी आहे असं मात्र यावरून ठरवू नका. इंग्रजीत लिहायचं, फार उघडही व्हायचं नाही, तेव्हा हाताशी येणारा सगळ्यात बिनधोक शब्द हाच. ‘हनी’ अमेरिकेतल्या घरात ‘किल्ल्या कुठे आहेत?’ विचारतानाही चालतं, आपल्याकडे ते उसनं वाटतं. ‘डार्लिंग’ला मराठी कानात सिनेमाचा वास येतो. तेव्हा त्याच्याकडे यातला एखादा शब्द मागून उपयोग नाही.

दोन्ही गोष्टी एकाच भेटीत, समोरासमोर बोला, व्हॉट्सअॅपवर नको. आधी यॉर्कशायरचं ‘लव्ह’ समजावून सांगा. मग विचारा, ‘समोर असताना तू मला ‘अगं’ म्हणतोस, ‘वेडाबाई’ म्हणतोस, ते मेसेजमध्ये कुठे जातं?’ त्याला तेच लिहायला सांगा, मराठीत.