मंदी आणि मनाच्या गोळ्या

प्रश्न : २००८च्या मंदीनंतर युरोपात नैराश्यावरील औषधांचा खप वाढला, असे वाचनात आले. नोकऱ्या गेल्या की माणसे गोळ्यांकडे वळतात, असा त्याचा सरळ अर्थ घ्यावा का? विचारण्याचे कारण घरचेच आहे. माझ्या धाकट्या भावाची नोकरी चार महिन्यांपूर्वी गेली, त्यानंतर डॉक्टरांनी त्याला एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरील औषध सुरू केले. आता शिल्लक संपत आल्यामुळे तो गोळ्या बंद करायचे म्हणतो आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खप वाढला हे खरे, पण त्यावरून निघणारा हा निष्कर्ष निम्माच टिकतो. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २००७ ते २०११ या काळात स्पेन आणि पोर्तुगालमध्ये या औषधांचा वापर २० टक्क्यांहून अधिक वाढला, आणि हे दोन्ही देश तेव्हा बेरोजगारीने पोळत होते. मात्र मंदीची झळ तुलनेने कमी बसलेल्या जर्मनीत हीच वाढ ४६ टक्के होती. सगळा दोष मंदीचाच असता, तर हे आकडे उलटे दिसायला हवे होते.

इंग्लंडमध्ये २००६ साली अशी औषधे सुमारे ३.१ कोटी वेळा दिली गेली, तर २०१६ साली ६.४७ कोटी वेळा. मधल्या काळात बेरोजगारी वाढली आणि पुन्हा उतरली, तरी हा आकडा चढतच राहिला. यात माणसे मोजलेली नाहीत, औषध किती वेळा दिले गेले ते मोजले आहे, त्यामुळे दरमहा तीच गोळी नेणारा एकच रुग्ण वर्षाला बारा वेळा मोजला जातो. मंदीच्या आधीच्या, म्हणजे १९९३ ते २००५ या काळातील ब्रिटनमधील नोंदी तपासणाऱ्या एका अभ्यासातही, वाढीचे मुख्य कारण नवे रुग्ण नसून थोड्या रुग्णांचे वर्षानुवर्षे चालू राहिलेले उपचार हे असल्याचे आढळले होते.

नोकरी जाणे आणि कर्जाचे हप्ते थकणे यांचा नैराश्याशी संबंध आहे, याविषयी मात्र शंका नको. गोंधळ होतो तो गोळ्यांच्या खपाला दुःखाचे माप मानल्यामुळे. अमेरिकेत अनेकांचा आरोग्यविमा नोकरीशी बांधलेला असतो. तिथे नोकरीबरोबर विमाही जातो, आणि गरज वाढलेली असतानाच औषध परवडेनासे होते. आपल्याकडे तर बहुतेकांना औषधांचा खर्च स्वतःच्या खिशातूनच करावा लागतो. तुमचे बंधू नेमके याच जागी उभे आहेत, आणि म्हणून तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

एस्सिटालोप्राम एकाएकी बंद केल्यास चक्कर, मळमळ, चिडचिड, झोपमोड, कधी डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके असा त्रास होऊ शकतो, आणि तो आजार उलटल्यासारखा भासल्यामुळे घरचे अधिकच घाबरतात. बरे वाटू लागल्यानंतरही साधारणपणे किमान सहा महिने औषध चालू ठेवावे आणि मग मात्रा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हळूहळू उतरवावी, असा प्रघात आहे. सोबत झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपामसारखी गोळी असेल, तर ती अचानक थांबवणे अधिक धोक्याचे आहे. त्याने फिट येऊ शकते.

खर्चाची अडचण डॉक्टरांना स्पष्ट सांगावी. पैशाचे बोलायला आपल्याला उगीच लाज वाटते. एस्सिटालोप्राम जेनेरिक स्वरूपात स्वस्त मिळते, जनऔषधी केंद्रातही चौकशी करता येईल, आणि तपासणीचे शुल्क जड होत असेल तर सरकारी रुग्णालयातील मानसोपचार विभाग आहेच. केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याविषयीच्या दूरध्वनी सेवेशी १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते, मराठीतही. जगणे नकोसे झाल्याचे बंधू बोलू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्यांना त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये.